आधी आईची आंघोळ

अन्याय माझ्या वहिनीवर झाला, बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी सकाळी, आणि तो मी केला. तिला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईला मी त्या दिवशी कामावरून काढलं.

बाई करमाडहून पहिल्या बसने यायची. पदर खोचून आधी वहिनीला न्हाणीत न्यायची, बाळाला मागून. दार लावून तासभर तांब्यामागून तांब्या ओतायची. मी बाळ-बाळंतिणीच्या आरोग्याची पत्रकं वाटणारी. बाळाच्या कानात तेल घालू नका, हे मी तिला वाचून दाखवलं. ‘बरं, नाय घालत,’ म्हणाली. तरी मला ती अडाणीच वाटली. तासभर पाणी कशाला लागतं, असं मी दरडावून विचारलं.

‘ताई, ती आत रडती. भाईर ऐकू जाऊ नाय म्हणून वतते. लेकराकडं बघायला समदं घर हाय, हिच्याकडं कोण बघतंय?’

बाळंतिणी रडतातच, असं म्हणून मी तिला निरोप दिला. चपला घालता घालता ती वहिनीला म्हणाली, ‘जेवत जाय, माय.’

नंतर न्हाणीतून पाण्याचा आवाज येईना. वहिनी कोरडीच बाहेर यायची. तिचं मन आजारी आहे हे ओळखून तिला डॉक्टरांकडे न्यायला आम्हाला दोन महिने लागले. बाईला शोधायला मी करमाडला गेले, पण तिचं नावच मी कधी विचारलं नव्हतं.

माझ्या पत्रकात आईच्या मनाबद्दल एकही ओळ नव्हती. तुम्ही बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा लगेच बाळाला उचलू नका. आधी तिच्याजवळ बसा, झोप लागते का विचारा, आणि ती बोलेपर्यंत उठू नका.