ज्ञ नेमका कुठे येतो

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसचे मालक आमच्या ऑफिसात आले, तेव्हा त्यांची अट एकच होती. "मॅडम, सगळं मराठीत पाहिजे. आमच्या बायांना इंग्रजी वाचायला लावू नका."

"त्यात काय एवढं, भाऊ," मी म्हणाले. त्यांना सगळेच भाऊ म्हणायचे. "भाषा आणि प्रदेश असं एक सेटिंग असतं. ते बदललं की झालं. दोन ओळींचं काम."

तेव्हा मला प्रोग्रॅमिंग करून आठ वर्षं झाली होती आणि दोन ओळींचं काम दोन ओळींत झालेलं मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. तरी म्हणाले. इंदिरानगरातल्या ऑफिसात एसीत बसलं की माणूस असं काहीही म्हणतो.

काम साधं होतं. हॉलमध्ये चोवीस टेबलं, प्रत्येक टेबलावर एक वजनकाटा आणि एक टॅब. बाईनं पेटी भरायची, वजन करायचं, बटण दाबायचं, लेबल छापून निघायचं. सकाळी हजेरी लागली की यादीच्या क्रमानं टेबल मिळायचं. पहिल्या नावाला एक नंबर, शेवटच्या नावाला चोवीस.

बटणांवरचे इंग्रजी शब्द मी भाषांतर करणाऱ्या मशीनला दिले आणि जे आलं ते न वाचता चिकटवलं. मराठीची प्रादेशिक माहिती आमच्या जुन्या लायब्ररीत धड नव्हती, म्हणून तिच्या जागी हिंदीची टाकली. लिपी एकच ना, मग काय फरक पडतो, असं मी स्वतःला समजावलं.

पहिल्याच सकाळी सुपरवायझर ताईंचा फोन आला. "मॅडम, तुमचं मशीन वाचवा वाचवा करू र्‍हायलं."

"म्हणजे?"

"पेटी भरली की लाल बटण येतं, वाचवा! बाया घाबरल्या ना. एक जण तर बाहेर पळाली, तिला वाटलं आग लागली."

सेव्हचं 'वाचवा' झालं होतं. सबमिटचं 'शरण या'. बॅकचं 'पाठ'. आणि वजनकाट्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ माशाचे खवले असाही होतो, त्यामुळे काटा सुटला की प्रत्येक टॅबवर 'कृपया खवले जोडा' असं यायचं. भाऊ शाकाहारी होते. त्यांना ते विशेष लागलं.

मी स्कूटर काढली आणि गेले. जेवणाच्या सुट्टीत बायांना गोल बसवून विचारलं, की तुम्हीच सांगा काय लिहू. अर्ध्या तासात सगळं ठरलं. सेव्ह म्हणजे 'ठेवा', सबमिट म्हणजे 'झालं', बॅक म्हणजे 'मागं'. काटा सुटला तर 'काटा लावा'. इतकं सोपं मराठी मला ऑफिसात बसून का सुचलं नाही, याचा विचार करत मी घरी आले.

तीन-चार दिवस बरे गेले. मग युरोपातल्या खरेदीदारानं कळवलं, की लेबल आमच्या पद्धतीनं हवं. मी लेबलाचा प्रदेश बदलून त्यांचा देश टाकला. त्यांच्याकडे अपूर्णांकाच्या जागी बिंदू नसतो, स्वल्पविराम असतो. साडेचार किलोच्या पेटीवर 4,500 छापून आलं. खरेदीदाराच्या दृष्टीनं अगदी बरोबर. पण तेच लेबल गोदामाच्या दारातला स्कॅनर वाचायचा. स्वल्पविराम म्हणजे हजाराची खूण असं आपण मानतो आणि तोही तेच मानत होता. त्यानं पहिली पेटी वाचली आणि साडेचार हजार किलो अशी नोंद केली. टेम्पो होता दीड टनाचा. दारावरच्या मोठ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं: 'टेम्पो भरला. निघा.'

टेम्पोचे ड्रायव्हर काका फार कमी बोलणारे. ते स्क्रीनकडे बघून निघाले.

वीस मिनिटांनी हायवेवरच्या कोल्ड स्टोरेजवरून भाऊंना फोन आला, की एक पेटी आलीये, दोरीनं नीट बांधलेली. बाकीचा माल कुठे आहे?

काका परत आले तेव्हा भाऊ दारातच उभे होते. "अहो, मागं वळून बघायचं तरी!"

"बघितलं ना," काका म्हणाले.

"मग?"

"एकच होती. पण मशीन म्हणलं भरला. म्हटलं काहीतरी नवीन पद्धत असंल."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. त्यानंतर मी ठरवलं, की आता सगळं एकदा व्यवस्थित करायचं. चार दिवस पॅकहाऊसमध्येच ठाण मांडलं. लायब्ररी नवी घेतली, हिंदी काढून मराठी टाकलं, लेबलाचा प्रदेश वेगळा, स्कॅनरचा वेगळा. मराठी सेटिंग लावल्यावर नावांची यादी आपोआप आपल्या वर्णमालेप्रमाणे झाली, म्हणजे ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. हिंदीच्या सेटिंगमध्ये ज्ञ हा ज मध्येच यायचा. हे बारकावे कुणीतरी कुठेतरी बसून लिहून ठेवलेत याचं मला कौतुक वाटलं आणि मी ते सुपरवायझर ताईंना सांगितलंही. त्या "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, हातात स्वेटर. त्यांचं नाव ज्ञ पासून सुरू होतं, म्हणून इथे त्यांना ज्ञ-मावशीच म्हणते.

"मॅडम, मला नऊ नंबरचं टेबल होतं. आज चोवीस आलंय."

"हो मावशी, आधी चुकलं होतं. आता दुरुस्त केलंय."

"चुकलेलंच बरं होतं की!"

मग मला कळलं. चोवीस नंबरचं टेबल थंड खोलीच्या दाराला लागून होतं. दार दर पाच मिनिटांनी उघडायचं आणि गार वाफ थेट पाठीवर यायची. टॅब नव्हते तेव्हाही ताई हातानं यादी करायच्या, तीही अआइई प्रमाणेच, त्यामुळे गेले सहा हंगाम मावशी त्या दाराशीच उभ्या होत्या. माझ्या चुकीमुळे आठ-दहा दिवस त्यांना ऊब मिळाली होती.

"शाळेतबी शेवटलीच व्हते," त्या म्हणाल्या. "झेंडावंदनाला गोळ्या वाटायचे, माझ्यापर्यंत येईस्तोवर नुसता चुरा. लग्नात नाव बदलत्यात ना, म्हटलं आता सुटले. यांना म्हटलं, अ वरनं ठेवा. तर हे म्हणले, नको, हेच लय छान हाय."

मला फार वाईट वाटलं, पण मी तज्ज्ञासारखी बोलले. "पण मावशी, वर्णमालेत ज्ञ शेवटीच असतो."

"असू द्या. पण ज्ञ म्हंजे काय? कशाचा बनतो?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. "कॉम्प्युटर त्याला तीन तुकड्यांत ठेवतो. ज, मग पाय मोडल्याची खूण, मग ञ."

"पुढं ज हाय ना?"

"आहे."

"मंग मशीनला कळतंय मी ज हाय म्हणून. तुम्हालाच का नाय?"

तोवर पाच-सहा जणी जमल्या होत्या. सुपरवायझर ताई मध्ये पडल्या. "अगं, पण बोलताना आपण ज कुठं म्हणतो? द्न्य म्हणतो."

"मंग द मधी टाका! माझं काय म्हणणं नाय. द मधी तेरा-चौदा येईन मी."

तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच हात वर केला. तिचं नाव क्ष वरून होतं, तीही आजच क मधून तेवीस नंबरवर आली होती आणि इतका वेळ तिथून ऐकत होती. "मॅडम, मंग मी परत क का?"

झालं. क वालीला चार नंबरचं टेबल होतं, ती लगेच म्हणाली, "क मध्ये जागा नाय." द वाल्या म्हणाल्या, आमच्यात ज्ञ घ्यायचा नाही, तो ज चा आहे. ज वाल्या म्हणाल्या, बोलताना द आणि टेबलाला ज, असं कसं? मी मराठी घेऊन बी.ए. करायच्याऐवजी कॉम्प्युटरला गेले, पण व्याकरणावर एवढी कडाक्याची चर्चा मी कुठल्या कॉलेजातही ऐकली नसती. द्राक्षं क्रेटमध्ये तशीच पडून.

भाऊ आत आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला विचारलं, "मॅडम, ही वर्णमाला बदलता येते का?"

"येते भाऊ. पण तसं करू नये."

"का?"

 खरंच, का? एक बाई सहा हंगाम गारठली, ती एका क्रमाखातर. मग मी म्हणाले, "वर्णमाला राहू द्या. टेबलं फिरवू. रोज प्रत्येकीचं टेबल एकानं पुढे सरकेल आणि चोवीसवाली एकवर येईल."

हे खरोखरच दोन ओळींत झालं. मला स्वतःलाच विश्वास बसेना. भाऊंनी त्या दाराला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदाही लावून टाकला, जो सहा हंगामांपूर्वी लावता आला असता.

दुसऱ्या दिवशी ज्ञ-मावशी एक नंबरवर गेल्या आणि तेवीसची क्ष वाली चोवीसवर आली. मावशींनी जाता जाता स्वतःचा स्वेटर तिच्या खांद्यावर टाकला. "घाल. चार वाजता लय लागतं. पडद्याचं काय खरं नाय."

मी दुपारी एक नंबरपाशी मुद्दाम गेले. पत्र्याखालची खिडकी, तिच्यातून फेब्रुवारीचं ऊन सरळ टेबलावर. मावशी पदरानं वारा घेत होत्या.

"काय मावशी, खूश ना?"

त्यांनी पेटी काट्यावर ठेवली, 'झालं' दाबलं, लेबल फाडलं, चिकटवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, इथं तर लय उकडतं. मधलंच बरं व्हतं. नऊ नंबर."

"येईल की, आठ दिवसांनी."

त्यांनी बोटांवर मोजलं, मान हलवली आणि पुढची पेटी ओढली.