करंटवरचा आळ

माझा थोरला भाऊ करंट लावल्यामुळे गेला, असं आमच्या सोनाळ्यात आजही सांगतात. ते खरं नाही.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. कापूस वेचताना दादाचा उजवा अंगठा बोंडावर टिकेना. हात वाळत गेला, मग पाय अडखळू लागले. मलकापूरहून गाडी धरून मी त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे मनगटावर करंटचा बारीक झटका देऊन अंगठ्याचा स्नायू किती उसळतो ते मशीनवर बघत. कागदावर त्याची रेघ उमटे.

"पाह्य बे," दादा हसून मला म्हणाला, "माह्या हुकमाशिवाय उडला. तुह्या वहिनीले दाखवा लागते."

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. या वेळी अंगठा जेमतेम हलला. डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून दोन्ही कागद शेजारी धरले. पहिल्यावरची रेघ टेकडीसारखी चढलेली, दुसऱ्यावरची शेताच्या बांधाएवढी. स्नायू चालवणाऱ्या नसा मरताहेत, याला औषध नाही, असं ते म्हणाले. इतक्या झपाट्याने उतरलेला माणूस बहुधा वर्ष काढत नाही; घरात काही ठरवायचं असेल तर लवकर ठरवा.

ठरवायचं तर होतंच. पुतणीची सोयरीक जमली होती. परतीच्या गाडीत मी दादाला भाकरी मोडून भरवत होतो. त्याने विचारलं, "मशीन काय म्हणते? लग्न या उन्हाळ्यात उरकू, का पुढच्या?"

"नसा चांगल्या हायेत म्हणते," माझ्या तोंडून निघालं. "पुढच्या वर्षी करू, थाटात."

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून निवांत झोपला.

दादा दिवाळीनंतर गेला. गावात वीज नुकतीच आलेली, तिची धास्ती होतीच. करंटनं त्यांच्यातली ताकद ओढून घेतली, असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मी गप्प राहिलो. मशीन खरं बोललं होतं हे सांगायचं, तर मी काय बोललो तेही सांगावं लागलं असतं. कन्यादानाला दादाच्या पाटावर मी बसलो.

आता पुतणीलाही नातवंडं आहेत. साखरेच्या आजाराने तिचे तळपाय बधिर झाले. डॉक्टरांनी नसांची तपासणी सांगितली, तर ती अडून बसली. "बाबाले करंटनंच नेलं ना, काका."

मग मी सगळं सांगितलं. तिने उठून चहा टाकला, माझ्या कपात साखर घातली.

"त्या उन्हाळ्यात बाबा मांडवात राह्यले असते," कप पुढे सरकवत ती म्हणाली.

"हाव," मी म्हणालो.

तपासणीला सोबत तिने मलाच नेलं. आत बोलावणं आलं तसा मीही उठू लागलो. तिने मला पुन्हा बाकावर बसवलं आणि पाण्याची बाटली हातात दिली.

"डॉक्टर काय म्हणते ते या खेपी मी आयकतो. तुम्ही इथंच बसा, काका."