आमदारीणबाईंचं मत

मोशीत आमच्या मामीला सगळे आमदारीणबाई म्हणत. एवढं नाव मिळूनही तिला गोड बोलणं काही जमलं नाही. बदलीसाठी चिठ्ठी मागायला आलेल्या तलाठ्याला तिने चहा पाजला आणि वर सुनावलं, "हितंच ऱ्हावा. दुसऱ्या गावानं काय पाप केलंय?"

बावन्न साली मामा सत्ताधारी पक्षाकडून निवडून आले, तेव्हा तिने घरोघर पेढे वाटले. पुढे मराठी राज्याचा प्रश्न पेटला. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा, असं मामांनाही वाटे. जेवताना ते तावातावाने बोलत. पक्षाला मात्र गुजरातसकट एकच मोठं राज्य हवं होतं. विधानसभेत मामा मुकाट्याने पक्षामागे गेले. घरी आल्यावर मामीने त्यांना ताट वाढलं आणि विचारलं, "घरात बोलता, त्ये तिथं का न्हाई बोललात?" पक्षाची शिस्त असते, असं मामा पुटपुटले. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात फक्त मीठ-भाकरीपुरतं बोलणं होई.

सत्तावन्नला मामा पुन्हा उभे राहिले. प्रचाराला आलेल्यांना मामी रोज पिठलं-भाकरी वाढी आणि वाढता वाढता सांगे, "पोटभर जेवा. माझं मत मात्र यांना न्हाई." आधी सगळे हसले. मग आजूबाजूच्या गावांतल्या बायकाही तेच बोलू लागल्या, तेव्हा पुण्याहून एक पुढारी तिची समजूत घालायला आले. तेही पिठलं खाऊन परत गेले. मामांनी तिला एका शब्दाने अडवलं नाही. मतदानाला दोघं बरोबरच गेली, एकमेकांविरुद्ध मत देऊन बरोबरच परतली.

मामा पडले. निकाल कळला तशी मामी चुलीपुढे बसून रडायला लागली. मामा गोंधळले. तुझ्याच मनासारखं झालं की, म्हणाले.

"राज्य पायजे व्हतं," ती म्हणाली, "तुमी पडायला नको व्हतं."

मामांनी पक्ष सोडला. चाकणच्या बाजारात संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ते मनातलं सगळं चारचौघांत बोलले. टाळ्या थांबेनात. मामी बायकांत पुढे बसली होती, पदराने डोळे पुसत.

परतताना बैलगाडीत मामांनी भीत भीत विचारलं, कसं झालं भाषण?

"लांबलं जरा," मामी म्हणाली, आणि वारा सुटला होता म्हणून आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.