कुसुमचं मशीन घेऊन बारवीच्या काठी

माझी बायको कुसुम श्रावणात गेली. तिचं शिवणाचं हातमशीन घराच्या खिडकीखाली तसंच राहिलं. माघापर्यंत मी त्याच्यावरचं लाकडी झाकण काढलं नव्हतं. विकायचं मनात येईना आणि रोज समोर बघवेना. शेवटी ठरवलं, की ते तिच्या थोरल्या बहिणीकडे, वत्सलाताईंकडे पोचवायचं. तिथे ते चालतं राहील आणि माझ्याही डोळ्यांसमोरून जाईल. एवढ्यासाठी हा प्रवास केला. अंबरनाथहून फार लांबचा नाही, पण त्या बाजूला कुणाला जावंसं वाटलं तर उपयोग व्हावा म्हणून लिहितो आहे.

वत्सलाताईंचं घर बदलापूर गावाच्या पलीकडे, बारवी नदीच्या अंगाला आहे. त्यांचे यजमान नाना, त्यांचे दोन भाऊ, तिघांच्या बायका आणि मुलं असं एकत्र कुटुंब. नाना पूर्वी आमच्याच कारखान्यात होते. वडील गेल्यावर नोकरी सोडून ते भावांसह वडिलांच्या जमिनीवर राहायला गेले. भात, वाल, नाचणी पिकवतात, सूत कातून कापड विणून घेतात, दळण जात्यावरच होतं. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांनी मिळून देवापुढे बसायचं हे कधी चुकत नाही. कारखान्यात अजूनही कुणी त्यांची आठवण काढली की लोक हसतात, नानांनी निरोपाला मिळालेलं घड्याळही परत केलं म्हणून.

आधी मशीन दुरुस्त करणं भाग होतं. पावसाळाभर न फिरवल्यामुळे त्याचं चाक घट्ट बसलं होतं. शनिवारी टांगा करून उल्हासनगरला गेलो. टांग्याचं भाडं निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावं, तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पात पोचल्यावर घोडा फार थकलेला निघतो. लष्कराच्या जुन्या बराकींना मधे गोणपाटाचे आडोसे लावून एकेकात कितीतरी बिऱ्हाडं राहतात, आणि पुढच्या ओट्यावर प्रत्येकाचं काही ना काही दुकान. मशीन दुरुस्त करणारे सिंधी गृहस्थ म्हातारे होते. मी काही सांगण्याआधी त्यांनी मला भाजलेला पापड आणि पाणी दिलं. त्यांच्याकडे आल्यागेल्याला आधी हेच देतात. मग त्यांनी झाकण काढलं.

सुईखाली कापड होतं. माझाच सदरा. एक बाही लागलेली, दुसरी निम्मी. कुसुमला ताप भरला त्या दुपारी ती तशीच उठली असावी. मला ते ठाऊकच नव्हतं.

"साईं, कपडा अंदर रह गया," ते म्हणाले. "काढू का?"

मी सदऱ्याची कड चाचपली. मग ते म्हणाले, "काढल्याशिवाय मशीन नहीं खुलेगी." त्यांनी सुई वर घेतली, धागा दातांनी न तोडता कात्रीने नीट कापला आणि सदरा घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला. दुरुस्ती होईपर्यंत शेजारच्या ओट्यावर दाल-पकवान खाल्लं. चव चांगली, पण तिखट. मागून ताक घ्यावं.

परतताना शिवमंदिरापाशी टांगा थांबवला. कुसुम दर सोमवारी इथे यायची, मी बाहेर चपलांपाशी उभा राहायचो. या वेळी पायऱ्या उतरून आत गेलो. आत गार होतं. तिने काय मागितलं असेल, याचा विचार करत थोडा वेळ बसलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या गावचा धर्मा बैलगाडी घेऊन आला. पेंढा विकायला तो अंबरनाथच्या बाजारात आला होता आणि गाडी जवळजवळ रिकामीच परत जाणार होती. बदलापूरपर्यंत आगगाडीने एकच स्टेशन, पण पुढे मशीन कोण उचलणार? उरलेल्या पेंढ्यात मी ते बसवलं, वर घोंगडी घातली, दोन्ही बाजूंनी दोरी बांधली.

धर्मा बघत होता. "काय हाय यात? नवरीवानी बसवताय."

शिवायचं मशीन आहे म्हटल्यावर तो खो खो हसला. "नानांच्या घरात? नानांनी माझ्या पोराची बॅटरी पडवीतूनच परत धाडली. ह्ये तर केवढं मोठं हाय."

ही पडवीची गोष्ट मी कुसुमकडून ऐकली होती, पण ती त्या घरची गंमत म्हणून सांगायची, म्हणून मीही गंमतच समजलो होतो. त्या घरात कुठलीही नवी वस्तू सरळ आत जात नाही. आधी पडवीत ठेवायची, तिच्यावर एक फूल वाहायचं. तीन संध्याकाळी तिथेच राहू द्यायची. तिसऱ्या दिवशी प्रार्थना झाली की लहानथोर प्रत्येकाने सांगायचं, ही आत आली तर आपल्यातलं काय बाहेर जाईल. एकाने जरी नको म्हटलं तरी नको. कंदील असाच आत आला. छत्रीवर म्हणे फार वाद झाला होता, शेवटी घराला मिळून एक छत्री ठेवली. धर्माच्या बोलण्यावर मला पहिल्यांदा काळजी वाटली. हे परत पाठवलं, तर मी ते कुठे नेणार होतो?

बदलापूर गावात चहा मिळतो, तो तिथेच प्यावा. पुढे काही नाही. गावाबाहेर उल्हास नदी उतारातून ओलांडायची. थंडीत पाणी गुडघ्याएवढं असतं, पावसाळ्यात मात्र हा रस्ता नाहीच. बैल मधोमध थांबले तेव्हा मी खाली उतरलो आणि पलीकडे पोचेपर्यंत मशीनला हात लावून पाण्यातून चाललो. धर्मा या वेळी हसला नाही.

वत्सलाताई अंगणात वाल सोलत होत्या. त्यांनी गाडीत पाहिलं आणि झाकण ओळखलं. दोन्ही हात पदराला पुसून आधी मशीनलाच हात लावला, मग मला म्हणाल्या, "माधवराव, वाळलात किती." नाना आणि मी मशीन पडवीत ठेवलं. ताईंची धाकटी मुलगी यमू झेंडूचं फूल घेऊन आली.

ते तीन दिवस मी तिथेच राहिलो. पाहुणा म्हणून कुणी बसवून ठेवत नाही, हे जाणाऱ्याने ध्यानात धरावं. मला पेंढा रचायला घेतलं. जेवण तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि ताक. अंथरूण कुडाच्या भिंतीपाशी, पहाटे थंडी फार पडते, घोंगडी न्यावीच. उठवायला घड्याळ नाही, जात्याची घरघर ऐकली की सगळे उठतात. प्रार्थना साधी असते. नाना दोन ओळी म्हणतात, बाकीचे त्याच परत म्हणतात, मग जरा वेळ सगळे गप्प. पहिल्या दिवशी ते गप्प बसणं मला जड गेलं. तिसऱ्या दिवशी लवकर संपलंसं वाटलं.

दुपारी घरातल्या बायका आणि मुली ओसरीवर शिवायला बसतात. दुसऱ्या दुपारी मी पिशवीतून सदरा काढून ताईंपुढे ठेवला. सुईखाली सापडला, एवढंच सांगितलं. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. सुईत दोरा ओवला आणि राहिलेल्या बाहीला टाके घालायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी सदरा धाकट्या जावेकडे दिला, तिने यमूकडे. सगळ्या कुसुमविषयीच बोलत होत्या. ती इथे आली की सुईत दोरा ओवता ओवता नानांची नक्कल करायची, आणि नाना आतून खोकायचे. तिच्या या नकलेविषयी मी तिथे पहिल्यांदाच ऐकलं. मी तिला इथे पोचवायचो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचो.

शेवटचं बोटभर शिवायचं उरलं तेव्हा ताईंनी सदरा माझ्यापुढे धरला. मला येत नाही म्हटलं. "येत नाही ते दिसेलच," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मी तीन-चार टाके घातले. वाकडे आले.

तिसऱ्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर मशीनविषयी विचारलं. नानांचे भाऊ ठेवू या म्हणाले, त्यांच्या बायकाही तेच म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणत होते, हे मला कळत होतं. नानांनीही मान हलवली. यमू म्हणाली, "मशीन चालू असलं की मावशीला ऐकू यायचं नाही. मी अंबरनाथला गेले होते तेव्हा. पण ठेवू या." राहिल्या ताई.

त्यांनी मशीनवरचं सुकलेलं फूल उचलून हातात घेतलं.

"मला तर ते हवंच आहे," त्या म्हणाल्या. "तिचा हात लागलेलं आहे. पण नको." मग माझ्याकडे वळल्या. "माधवराव, हे इथे ठेवून तुम्ही मोकळे व्हायला आला आहात. मशीन पोचलं म्हणजे मग तुम्ही कशाला याल? हे आत आलं तर तुम्ही बाहेर जाल."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी खाली बघून बसलो, आणि नानांनी पुन्हा प्रार्थनेच्या दोन ओळी सुरू केल्या, म्हणजे मला कुणाला तोंड दाखवावं लागलं नाही.

सकाळी धर्माने गाडी जुंपली. मशीन गाडीत चढताना पाहून तो म्हणाला, "नवरी परत?" ताई म्हणाल्या, "नवरी सासरी चालली, नीट ने." आणि मला सांगितलं, की चैत्रात कुळीथ काढायला माणसं कमी पडतात.

घरी आल्यावर मशीन पुन्हा खिडकीखाली ठेवलं, पण झाकण काढून. त्याच्यावर एक फूल ठेवलं. तीन संध्याकाळी समोर बसून पाहिलं, हे आत राहिलं तर काय बाहेर जाईल. काही जाईल असं वाटलं नाही. आता शेजारच्या बायका दुपारी येऊन त्यावर काहीबाही शिवतात आणि मी कारखान्यात असतो तेव्हा घराची किल्ली शेजाऱ्यांकडेच असते.

सदरा मी वापरतो. उजव्या बाहीची शिवण कुसुमची, सरळ. डावीची निम्मी तिची, पुढे ताईंची, धाकट्या जावेची, यमूची. शेवटचे टाके माझे. ते दर धुण्याला सुटतात. मी सुईत दोरा ओवून पुन्हा घालतो.