होटगीकरांच्या दोन हद्दी

टॉवेल कारखानदारांच्या संघात गंगाधर होटगीकर ईमेलचं काम बघत. ‘मेल आला’ असं साधं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. पाठवणारा वेगळा, पुढे ढकलणारा वेगळा, पोचवणारा वेगळा आणि प्रत्येकाची हद्द वेगळी, हे ते इतक्या भक्तिभावानं सांगत की ऐकणारा आपलं काम विसरून जाई.

बाहेरचा मेल आधी महेश्वर माळगेंच्या सुरक्षा विभागात तपासला जाई, मग होटगीकरांच्या वितरण विभागातून सभासदाला मिळे. दोघं समोरासमोर बसत, पण बोलणं फक्त लेखी. माळगे निवृत्त झाले आणि संघानं त्यांचंही काम होटगीकरांच्याच गळ्यात घातलं. होटगीकरांनी मधली हद्द मात्र जिवापाड जपली.

एके दिवशी एमआयडीसीतले कारखानदार खाजाभाई घामाघूम होऊन आले. जर्मनीच्या व्यापाऱ्यानं त्यांना टॉवेलच्या ऑर्डरचा करार मेलनं धाडला होता. तो मिळालाच नव्हता.

“साहेब, माझा मेल हरवला की!”

“हरवला नाही. वितरणाच्या हद्दीत दाखल झालेला नाही.”

“मग हाय कुटं?”

“सुरक्षेकडे. संशयित म्हणून अडवलाय.”

“तितं कोण बसतंय?”

“मीच.”

खाजाभाईंचा जीव भांड्यात पडला. “मग सोडा की लगेच!”

“असं कसं? आत्ता मी वितरणात आहे.”

होटगीकरांनी वितरण प्रमुख म्हणून सुरक्षा प्रमुखांना रीतसर विनंती लिहिली. जेवणानंतर समोरच्या खुर्चीत बसून ती वाचली. भाषा उर्मट वाटली. नामंजूर केली.

संध्याकाळी घरी आले ते तोंड पाडूनच. “माझी विनंती धुडकावली,” ते बायकोला म्हणाले.

“कुणी?” प्रभाताईंनी विचारलं.

“सुरक्षेवाल्यांनी. त्या खुर्चीत माणूस बसला की त्याच्या डोक्यात हवाच जाते.”

प्रभाताईंनी पानात भाकरी वाढली.

खाजाभाई थांबले नव्हतेच. त्यांनी व्यापाऱ्याला फोन केला, करार व्हॉट्सअॅपवर मागवला, सही करून धाडला आणि माल भरायला घेतला. पुढच्या बैठकीत त्यांनी सगळी हकिगत सांगितली. सभासद पोट धरून हसले. अध्यक्ष मात्र गंभीर झाले. दोन विभागांत ताळमेळ नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि समन्वय प्रमुख हे नवं पद निर्माण केलं.

अनुभवी माणूस म्हणून ते होटगीकरांना मिळालं. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही प्रमुखांकडून लेखी खुलासा मागवला.