डोंगरातली मोरी

जानेवारीत सुट्टी टाकली तेव्हा ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "हिमाचलला? एवढ्या थंडीत? स्कीइंग करणार वाटतं?" मी नाही म्हटलं. "मग बर्फात जाऊन करणार काय?" गरम पाण्यात बसणार, मी म्हणाले. त्यांना ती थट्टा वाटली. दादरला बसून डिसेंबरातही पंखा लावणाऱ्या माणसांना गरम पाण्याचं अप्रूप कुठून असणार म्हणा!

खरं सांगायचं तर मी आळशी बाई आहे. डोंगर मला आवडतात, पण खिडकीतून. पायांना पट्ट्या बांधून उतारावरून घसरत जाण्यात काय मौज असते, ते मला या जन्मी कळणार नाही. पण आजूबाजूला बर्फ, आणि आपण गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसून काहीही करत नाही, ही कल्पना मला ऐकल्याबरोबर पटली होती. गंधकाचे गरम झरे असलेल्या एका गावातलं हॉटेल मी मोबाइलवर शोधून काढलं. वाफेची खोली, मालिश, झऱ्याचं पाणी भरलेले लाकडी टब, समोर देवदारांचं रान. फोटो पाहिले आणि तिथल्या तिथे दोघींचं बुकिंग करून टाकलं. दुसरी म्हणजे माझी आई.

तिला नेण्यामागे माझा डाव होता.

भोईवाड्यातल्या चाळीत आम्ही दोघीच राहतो. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर आधी कठड्याला दोन शब्द सुनावते, मग पाय उचलते. गुडघे बदलावे लागतील, नाहीतर चालणं लवकरच बंद होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईला ऑपरेशनची भीती नव्हती. भूल, टाके, रक्त, कशाकशाचं काही नाही. तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "आंघोळीचं काय?" डॉक्टर हसून म्हणाले, "सुरुवातीला कोणीतरी घालावी लागेल. मुलगी आहे की!" आईने पिशवी उचलली. "मग नको. मला मेल्यावर आंघोळ घाला," म्हणाली, आणि लंगडत बाहेर पडली. त्यानंतर घरात तो विषय काढायची सोय राहिली नाही.

आता गंमत अशी, की आमच्या चाळीतल्या अर्ध्या पोरांना पहिली आंघोळ माझ्या आईने घातली आहे. कोणाकडे बाळ आलं, की पहाटेच आईला हाक यायची. पाटावर बसून ती पाय लांब करायची, बाळाला पायांवर पालथं घालायची, तेलाने चोळायची, डाळीच्या पिठाने पुसायची आणि मग ऊन ऊन पाण्याचे तांबे. बाळंतिणीला तर अशी रगडायची, की बाया कळवळून ओरडायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिचीच वाट बघत बसायच्या. हे सगळं नोकरीवर जायच्या आधी, आणि कोणाकडून चहापलीकडे काही न घेता. तिच्या हातांचा मला लहानपणापासून अभिमान आहे, आजही आहे.

पण तिची स्वतःची आंघोळ म्हणजे बंद दार. चाळीत सगळ्यांच्या मोऱ्यांना पडदे होते, तेव्हा आमच्या मोरीला तिने भांडून दार लावून घेतलं. एकदा हात मोडला, प्लास्टर चढलं, तरी आतून कडी लावून एका हाताने आंघोळ. मी बाहेरून विचारत राहायचे, "येऊ का गं?" आतून तांब्या आपटल्याचा आवाज यायचा, तेच उत्तर. माझ्या आईची पाठ कशी दिसते, हेही मला माहीत नव्हतं.

तेव्हा माझा डाव साधा होता. एकदा कोणा परक्या, पैसे घेऊन काम करणाऱ्या बाईच्या हातून अंग रगडून घ्यायची सवय झाली, की हिची भीड चेपेल आणि ऑपरेशनला तयार होईल. आईला मी एवढंच सांगितलं, की गुडघ्यांना शेक मिळेल. "शेकायला एवढ्या लांब?" असं म्हणत तिने बॅग भरायला घेतली.

विमान, मग गाडी, मग वळणांमागून वळणं. आई खिडकीला नाक लावून बसली होती. रस्त्याच्या कडेला पहिला बर्फ दिसला तेव्हा म्हणाली, "फ्रीज साफ करताना निघतो तसाच आहे की गं." पण वर पोचल्यावर ती गप्पच झाली. संध्याकाळचं ऊन समोरच्या शिखरांवर होतं आणि खाली गावातून झऱ्याची वाफ वर येत होती. कुठे हॉर्न नाही, लाउडस्पीकर नाही. आम्ही दोघी शाली गुंडाळून गॅलरीत बसलो आणि अंधार पडेपर्यंत एक शब्द बोललो नाही. आमच्या घरात एवढा वेळ शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

मालिशचा डाव मात्र पहिल्याच दिवशी फसला. तिथली बाई साधारण माझ्याच वयाची, पहाडी, थंडीने गाल लाल झालेली. तिने आईला गाऊन दिला आणि अदबीने म्हणाली, "माता जी, कपड़े उतारके ये पहन लीजिए." आईने गाऊन उलटसुलट करून पाहिला, तिला परत दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू घे माझी पण." बस्स. हॉलमध्ये जाऊन ती दुधाशिवायचा कसलासा चहा पीत बसली. तेव्हा तिच्या वाटणीची मालिशही मलाच घ्यावी लागली, आणि खोटं कशाला बोलू, मी घेतली. जर्दाळूच्या बियांचं कोमट तेल, पाठीवर ठेवलेले गरम दगड, खिडकीबाहेर देवदारावरून सुटून पडणारा बर्फ. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून आखडलेली माझी मान त्या दिवशी पहिल्यांदा वळली. मी मनातल्या मनात त्या गावाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी टब. इथे तरी कोणी हात लावणार नाही, म्हणून आई यायला तयार झाली. गुळगुळीत लाकडाची उबदार खोली, मधोमध वाफाळता टब, समोर काचेतून पांढरे डोंगर. मी तर बघतच राहिले. आईने पाण्यात बोट घातलं. "छान कढत आहे. साबण कुठे लावायचा?"

"साबण नाही गं लावायचा. नुसतं बसायचं."

"साचलेल्या पाण्यात? म्हणजे आपलाच मळ आपण परत अंगाला लावायचा?"

"आई, प्लीज. बस तू," असं म्हणून मी शेजारच्या खोलीत माझ्या टबात जाऊन उतरले. आईने तिच्या खोलीची कडी लावल्याचा आवाज आला. माझे डोळे मिटले. थोड्या वेळाने बाहेर धावपळ, हिंदीत आरडाओरडा. गाऊन गुंडाळून मी बाहेर येते तो काय, आईच्या दाराखालून साबणाचं पाणी वाहत होतं आणि कॉरिडॉरमधला गालिचा भिजवत थेट स्वागतकक्षाकडे निघालं होतं.

आईने घरून तांब्या आणला होता. टबाशेजारी टॉवेल ठेवायला एक स्टूल होतं, त्यावर ती बसली, टबातून एकेक तांब्या घेतला आणि साबण लावून, वजरीने टाचा घासून रीतसर आंघोळ केली. आपल्याकडे मोरीत करतो तशी. फक्त तिथे मोरी नव्हती. दार उघडून ती बाहेर आली ती साडी नेसून, डोक्याला टॉवेल बांधून, आणि वर माझ्यावरच रागावून. "एवढं मोठं हॉटेल गं, आणि पाणी जायला भोक नाही?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी पहाडी बाईची माफी मागायला तोंड उघडलं, तर ती पोछा हातात घेऊन भिंतीला टेकली होती आणि पोट धरून हसत होती. डोळे पुसून आईला म्हणाली, "माता जी, इसमें तो मेहमान लोग बैठते हैं. नहाने के लिए हम नीचे गांव में जाते हैं. औरतों का कुंड है. पानी दिन-रात बहता रहता है."

"बहता पानी?" आईचे कान टवकारले. "फिर ये पहले बोलनेका ना!"

मग मी आणि त्या पहाडी बाईने मिळून कॉरिडॉर पुसला. आई स्टुलावर बसून कुठे राहिलंय ते दाखवत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहाडी बाई आम्हाला हॉटेलच्या गाडीतून खाली घेऊन गेली. दगडी भिंतीच्या आत, वरून उघडं कुंड. पण आधी भिंतीतून दगडी तोट्या निघालेल्या, त्यांतून कढत पाण्याच्या धारा पडतात, खाली फरशी, आणि कडेने चर. बायका तोटीखाली बसून साबण लावतात, पाणी चरातून निघून जातं, आणि स्वच्छ झाल्यावर मग कुंडात उतरायचं. आई दारातच थांबली. "बघ," म्हणाली. "याला म्हणतात मोरी." तिच्या चेहऱ्यावर मी ते कौतुक क्वचितच पाहिलंय.

परकर छातीवर बांधून ती एका तोटीखालच्या ओट्यावर बसली. वाफेत कोणालाच कोणी नीट दिसत नव्हतं, त्याचाही उपयोग झाला असावा. शेजारी गावातली एक म्हातारी होती. तिने काही न बोलता आईच्या हातात एक खरबरीत दगड दिला आणि तिच्याकडे पाठ केली. तिथे तशीच रीत आहे, शेजारणीने शेजारणीची पाठ घासायची, ओळख असो नसो. हे काम आईला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने असा हात चालवला, की म्हातारी सुखाने कण्हायला लागली.

"कहां के हो?"

"मुंबई. परळ, भोईवाडा."

"कौन लोग?"

आईचा हात क्षणभर थांबला. तिच्या आईला गावच्या पाणवठ्यावर उतरू दिलेलं नव्हतं, हे ती विसरलेली नाही. त्यामुळे कोणी विचारलं की ती लपवत नाही, उलट आवाज चढवून सांगते. "जयभीमवाले. बौद्ध," ती म्हणाली, भोईवाड्यात बोलते तितक्याच खणखणीत. म्हातारीला त्यातलं काय कळलं, मला माहीत नाही. "अच्छा," म्हणाली, आईच्या हातातला दगड घेतला आणि म्हणाली, "अब तू घूम."

मी कुंडात गळ्यापर्यंत बुडालेली. मला वाटलं, झालं, आता ही उठून साडी नेसणार.  पण आपण तिची पाठ घासल्यावर आता नाही कसं म्हणायचं? ती वळली.

वाफ जरा विरळ झाली, आणि मी पहिल्यांदाच तिची पाठ पाहिली. सावळी, रुंद, तुकतुकीत, तिच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी तरुण. सुरुवातीला तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते. म्हातारी घासत गेली तसे ते हळूहळू उतरले आणि आईने डोळे मिटले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याहून जास्त मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. इतकी वर्षं दाराबाहेर मी उभी होते, आणि कोण कुठली बाई आत गेली.

वर येताना मी ऑपरेशनबद्दल एका शब्दाने काही विचारलं नाही. माझ्या स्वभावाला हे जमलं, ही कमालच.

निघायच्या दिवशी आम्ही परत खाली गेलो. बर्फ भुरभुरत होता आणि वाफेत शिरल्या शिरल्या नाहीसा होत होता. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. म्हातारी आली नव्हती. आई तोटीखाली बसली, साबण लावला, हात पोचेल तिथवर अंग घासलं. मग परकर सारखा केला आणि माझ्याकडे पाठ करून बसून राहिली. तिला संकोच वाटत असेल म्हणून मी नजर वळवली.

"आता काय, तुला पत्रिका छापून बोलावू?" ती म्हणाली.

मी तिच्यामागे जाऊन बसले. दगड हातात घेतला आणि हलकेच फिरवला. "जोर लाव. मी काय काचेची आहे?" मी जोर लावला. तिची पाठ ऊन होती आणि घासल्यावर लालसर होत होती. मला रडू आवरेना. पाण्याच्या आवाजात तिला कळणार नाही, असं मला वाटलं.

"नाक ओढू नको, ऐकू येतंय मला," ती मान न वळवता म्हणाली. मग तोंडावरून ओला हात फिरवला. 

"ऑपरेशन झाल्यावर अशी रडत रडत आंघोळ घालणार असशील, तर आत्ताच सांग. मी दुसरी बाई ठेवते."