खोचलेल्या फांद्या

वनमहोत्सव सुरू झाला त्या वर्षी मी अमरावतीला सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर खड्डे खोदायचो. मी चौथी नापास. लिहायला बसलो की दोन ओळींनंतर उठतो, अंगणात जातो, परत येऊन बसतो. बायको जाऊन वर्ष होत आलं. ती होती तेव्हा एका जागी बसवत होतं. असो. जे सांगायचं ते सांगून टाकतो.

पहिल्या साली खड्डा एकच. देश नवा, हौस नवी. वरून हुकूम आला की पावसाळ्यात सगळीकडे झाडं लावायची. जंगल तुटतं म्हणून पाऊस दगा देतो, असं साहेबानं भाषणात सांगितलं. आम्हा मजुरांना हसू येत होतं. झाड लावायला सण कशाला पाहिजे? कचेरीसमोर मी आदल्या दिवशीच खड्डा तयार करून ठेवला होता. साहेबानं त्यात रोप ठेवलं, दोन ओंजळी माती टाकली, फोटो निघाला, पेढे वाटले, संपलं.

मग शाळेची पोरं आली, लेझीम आली. सडकेच्या दोन्ही बाजूंनी खड्डे झाले. एका दिवसाचे आठ दिवस झाले. प्रत्येक कचेरीला, प्रत्येक गावाला आकडा मिळाला, इतकी झाडं लागलीच पाहिजेत. लागली. जगली पाहिजेत असं त्या कागदात कुठं लिहिलेलं नव्हतं.

रोपाभोवती आम्ही पऱ्हाटीचं कुंपण करायचो. कापूस निघाला की शेतात ज्या वाळक्या काड्या उरतात, त्या. पण आमच्या वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणजे सरपण. थंडी पडली की बाया येता-जाता काड्या ओढून न्यायच्या. खोटं कशाला सांगू, आमच्या चुलीतही गेल्या असतील. कुंपण गेलं की बकऱ्या. बकऱ्यांतून वाचलं ते उन्हाळ्यात जळायचं. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप. मलाही ते बरंच होतं, काळी माती नव्यानं खोदायला नको.

त्या पहिल्या साली निंबाचं एक रोप वाकडं निघालं म्हणून मुकादमानं फेकून दिलं. बायको तिथंच पाणी वाहायची. तिनं ते पदरात घालून आणलं आणि आमच्या दारात लावलं. भांड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं त्याला. छप्पन साली आम्ही धम्म घेतला तोवर ते छपराच्या वर गेलं होतं. पलीकडच्या आळीतली एक म्हातारी तिला म्हणाली, "ओटा बांध, कुंकू लाव, देव हाय तो."

"पानी भेटते त्याले, तेवढं लय झालं, बुढे," बायको म्हणाली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी फर्मान आलं. मोठे साहेब मागच्या वर्षीची झाडं पाहायला येणार. मुकादमानं मला गाठलं.

"काबे, झाडं कुठं हायत?"

"मेले. सांगून टाका तसं."

"सांगतो ना! अन् तुह्या कायम होन्याचा कागद त्याच साहेबापाशी हाय, तेही सांगतो. हिरव्या फांद्या खोच लेका खड्ड्याईत. एक दिवस तग धरला म्हंजे झालं."

सडकेवरच्या झाडाला हात लावला तर चोर ठरलो असतो. कोणाला न विचारता तोडता येईल असं झाड एकच होतं. घरी येऊन सांगितलं.

"आपल्या निंबाच्या?" बायको म्हणाली. "काहून?"

"काम बंद असते तवा चूल कशी पेटते, मालूम हाय ना तुले? रोज सकायी हात जोडून उभं राहाचं, आज घेता का म्हनून. मी थकलो आता."

ती आत गेली, कोयता घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मी वर चढलो, ती खालून सांगत होती. "ती नका तोडू, होल्याचं घरटं हाय तिच्यावर. बाजूची घ्या. अवो, हात कुठं अन् डोये कुठं!" तासाभरात झाड न्हाव्याकडून आल्यासारखं झालं. एक भारा मी घेतला, एक तिनं डोक्यावर घेतला. मी फांदी खोचायचो, ती मागून पाणी ओतायची.

"फांदीले पानी काहून घालतं वं?"

"घातल्याबिगर राह्यवत नाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सडकेला रांगेत उभे. जीप आली. साहेब मागे बसले होते, तोंडावर रुमाल, मान कलली होती. झोपले होते. गाडी हळूसुद्धा झाली नाही. आमच्या अंगावर चिखल उडाला आणि मुकादम म्हणाला, "बेस झालं! पास झालो."

कचेरीत कारकुनानं कागद दिला. मी कायम झालो होतो. सही आठ दिवस आधीच झाली होती, हेही त्यानंच सांगितलं.

घरी आलो. ती दारातच होती. "काय म्हनले साहेब?"

तिच्या मागे ते बोडकं झाड. मी म्हणालो, "खाली उतरले. पानाले हात लावला. म्हनले, लय जपलं बावा यानं."

"मंग!" ती म्हणाली. एवढंच. पण अशी हसली की पुढं मला खरं सांगताच आलं नाही.

नेमणूक अकोल्याला मिळाली. घर सुटलं, झाड सुटलं. अकोल्यात तर वनमहोत्सवाला मांडव, भोंगे, मोठमोठे पाहुणे. मी मात्र काट्यांचं कुंपण करायचो, खड्डे दरसाल नवे खोदायचो, उन्हाळाभर पाणी घालायचो. काही झाडं जगली. बायको नव्या शेजारणीला सांगायची, "माह्या निंबानं याईले कायम केलं." आणि दर पावसाळ्यात मला म्हणायची, "चाला ना अमरावतीले. पाहून येऊ त्याले."

रजा नाही, काम आहे, पाऊस आहे. काहीही सांगायचो. तिथं आमच्या जुन्या आळीत माझ्यासोबतचे मजूर राहत होते. कोणीतरी हसत बोलून गेलं असतं, "साहेब तं झोपून गेले होते, वैनी!" म्हणून नेलं नाही. अर्ध्या दिवसाचा रस्ता, उभ्या जन्मात नेलं नाही.

शेवटच्या दुखण्यात ती म्हणाली, "फुटलं असंन ना ते परत?"

"फुटलं तं! केवढं झालं," मी म्हणालो. मी पाहिलेलं नव्हतं.

परवा स्टँडवर गेलो आणि अमरावतीच्या गाडीत बसलो. झाड असलं तर माझ्यामुळे तिचं पाहायचं राहिलं. नसलं तर ती जाता-जाताही मी तिला खोटंच सांगितलं. कंडक्टर तिकिटाला माझ्यापर्यंत यायच्या आत मी खाली उतरलो.